शेजारचा ताल, आपली तार: व्हेंट्रल स्ट्रायेटममधल्या गॅमा लहरींचं प्रकरण

रॅट जातीच्या उंदराच्या व्हेंट्रल स्ट्रायेटममध्ये नोंद घेणारी बारीक तार (इलेक्ट्रोड) उतरवली की गॅमा लहरी, म्हणजे मेंदूतल्या वेगवान विद्युत लहरी, शोधाव्या लागत नाहीत. कच्च्या नोंदीतच, कुठलाही फिल्टर न लावता, त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात: सपाट चाललेल्या रेषेवर अचानक दाट नक्षी उमटते, पाच-सात आवर्तनं होतात आणि ती विरते. मिनेसोटा विद्यापीठात मॅथियस व्हान डर मीर आणि डेव्हिड रेडिश यांनी २००९ मध्ये या लहरींचे दोन पट्टे नीट वेगळे मांडले. ४५ ते ५५ हर्ट्झचा तो गॅमा-५० आणि ७० ते ८५ हर्ट्झचा तो गॅमा-८०. उंदीर खाण्याच्या जागेकडे जात असताना गॅमा-८० हळूहळू चढत जायचा, खाणं हाती लागलं की गॅमा-५० झपकन उसळायचा.

व्हेंट्रल स्ट्रायेटम म्हणजे बक्षिसाच्या हिशेबाचा भाग, अशी त्याची ख्याती. त्यामुळे बक्षिसाशी ताल धरणाऱ्या लहरी तिथेच तयार होत असणार, हे गृहीत धरणं सोपं होतं. भर म्हणून त्या भागातल्या झपाट्याने स्पाइक, म्हणजे विद्युत ठोके, देणाऱ्या इंटरन्यूरॉनांचे (स्थानिक जोडणीच्या चेतापेशींचे) स्पाइकही या लहरींच्या ठरावीक फेजवर, म्हणजे आवर्तनाच्या ठरावीक टप्प्यावर, पडताना दिसले. लहरी तिथल्या कामाशी निगडित आहेत, असाच निष्कर्ष त्या वेळी निघाला. पुढे या गॅमावरून इतर भागांशी सुसंगती मोजली गेली, औषधांचे परिणाम तपासले गेले, माणसाच्या, व्हेंट्रल स्ट्रायेटमचाच भाग असलेल्या, न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्समधल्या इलेक्ट्रोडांवरही गॅमा नोंदला गेला. एक प्रश्न मात्र मोकळाच राहिला होता: हा विद्युतप्रवाह नेमका कुठल्या पेशींच्या पटलांतून वाहतोय?

हा प्रश्न फाजील काटेकोरपणाचा वाटू शकतो, पण तसा तो नाही. आपण ज्याला लोकल फील्ड पोटेन्शियल, थोडक्यात एलएफपी, म्हणतो तो तारेच्या टोकाचा आणि दूरच्या संदर्भ-इलेक्ट्रोडचा विभवातला (व्होल्टेजमधला) फरक असतो. संदर्भ बहुधा कवटीतला स्क्रू. या फरकात टोकाजवळच्या पेशींचा वाटा असतो तसा दोन-चार मिलिमीटरवरच्या पेशींचाही असतो, कारण मेंदूची ऊती विद्युतवाहक आहे आणि प्रवाह भागांच्या सीमा पाळत नाही. नावातलं ‘लोकल’ हे आश्वासन नव्हे. शेजारच्या गल्लीतल्या ढोलाने आपल्या खिडकीची काच थरथरते, म्हणून ढोल आपल्या घरात वाजतो असं होत नाही.

शरीररचना आधीच काय सांगत होती

तार लावण्याआधी पेशींची मांडणी पाहिली असती, तरी शंका यायला हवी होती. स्ट्रायेटममधल्या सुमारे ९५ टक्के चेतापेशी मीडियम स्पायनी प्रकारच्या आहेत. त्यांचे डेंड्राइट (संदेश घेणाऱ्या फांद्या) पेशीभोवती सगळ्या दिशांना पसरतात. अशा पेशींत एकाच वेळी सिनॅप्टिक (पेशींच्या जोडण्यांतून येणारा) प्रवाह शिरला तरी एका बाजूला सिंक (जिथे प्रवाह आत शिरतो) आणि दुसऱ्या बाजूला सोर्स (जिथे तो बाहेर पडतो) अशी जोडी बनत नाही. प्रवाह सगळ्या बाजूंनी आत येतो, सगळ्या बाजूंनी बाहेर पडतो आणि लांबून पाहिलं तर बेरीज जवळजवळ शून्य होते. त्यावर या पेशी एकमेकींच्या तुलनेत अस्ताव्यस्त पसरलेल्या. मोठा एलएफपी उभा करायला ही रचना अगदीच कमकुवत.

शेजारी मात्र पिरिफॉर्म कॉर्टेक्स आहे. वासाचं हे कॉर्टेक्स तीन थरांचं आहे. पिरॅमिडल पेशी एका ओळीत शिस्तीत उभ्या, त्यांचे मुख्य डेंड्राइट पृष्ठभागाकडे वळलेले. घ्राणकंदाकडून (नाकाकडचे वासाचे संदेश घेणाऱ्या भागाकडून) येणारे तंतू सर्वांत बाहेरच्या पट्ट्यात याच डेंड्राइटांच्या टोकांवर उतरतात. हजारो पेशींत सिंक एका पातळीवर आणि सोर्स दुसऱ्या पातळीवर, म्हणजे मोठं द्विध्रुव तयार. अंतर मोजायचं तर न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्सपासून खाली आणि बाहेरच्या बाजूला दोनएक मिलिमीटर. आणि उंदीर खाण्याजवळ गेला की काय करतो? हुंगतो.

२०१७ ची मोजणी

कारमायकेल, ग्माझ आणि व्हान डर मीर यांनी २०१७ मध्ये हा प्रश्न थेट हाती घेतला. हा तोच व्हान डर मीर, ज्याच्या २००९ च्या निबंधावर लोक गॅमाचा अर्थ लावत होते. एक-दोन तारांऐवजी त्यांनी ६४ इलेक्ट्रोडांची जाळी वापरली. ती व्हेंट्रल स्ट्रायेटमचा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा भाग एकाच वेळी व्यापत होती, आणि उंदीर विश्रांती घेत असताना तसंच खाणं हुडकत असताना नोंदी झाल्या. एका तारेवरून ‘इथे गॅमा आहे’ एवढंच कळतं. जाळी असली की गॅमा कुठल्या दिशेला वाढतो आणि कुठे कमी होतो, हेही कळतं.

शक्तीचा उतार एकाच दिशेचा निघाला. पिरिफॉर्मच्या बाजूच्या इलेक्ट्रोडांवर गॅमा सर्वांत जोरकस, तिथून दूर जाल तसा क्षीण, आणि प्रत्येक उंदरात हेच चित्र. स्ट्रायेटमच्या आत कुठे टेकाड असतं, म्हणजे आजूबाजूला कमी आणि मध्ये जास्त, तर स्थानिक उगमाला आधार मिळाला असता. तसं टेकाड नव्हतं.

उतारावर काम भागत नाही. खरोखर पसरत जाणारी लहरही वाटेत क्षीण होऊ शकते. म्हणून फेज पाहायचा. जाळीभर फेजमधला फरक १५ अंशांच्या आत राहिला. याचं वेळेत रूपांतर करून पाहा. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, त्यामुळे १५ अंश म्हणजे ०.८३ मिलिसेकंद. ८० हर्ट्झला तेच सुमारे अर्धा मिलिसेकंद. मायलिन (विद्युतरोधक वेष्टण) नसलेल्या बारीक संदेशवाहक अ‍ॅक्सॉनमधून संदेश सेकंदाला ०.१ ते ०.५ मीटर वेगाने जातो असं धरलं, तर एक मिलिमीटर कापायला २ ते १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे ५० हर्ट्झला ३६ ते १८० अंश. सिनॅप्सचा उशीर अजून धरलेलाच नाही. पेशीपासून पेशीला पोहोचणारी लहर इतकी एकफेज राहणं कठीण. ऊतीतून निव्वळ वाहून आलेला विभव मात्र नेमका असाच दिसतो, कारण या वारंवारतांना ऊतीतून विभव पसरायला मोजण्याजोगा वेळ लागतच नाही.

तिसरी कसोटी करंट सोर्स डेन्सिटी, म्हणजे सीएसडीची. तीन लगतच्या इलेक्ट्रोडांचे विभव घ्या, दोन्ही टोकांची बेरीज करा, त्यातून मधल्याची दुप्पट वजा करा, अंतराच्या वर्गाने भागा, ऊतीच्या वाहकतेने गुणा आणि चिन्ह उलटं करा. समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ: अंतर ०.२ मिलिमीटर, वाहकता मीटरला ०.३ सीमेन्स. विभव १००, ९०, ८२ मायक्रोव्होल्ट असतील तर फरक फक्त २ उरतो आणि सीएसडीचं मान घन मिलिमीटरला ०.०१५ मायक्रोअ‍ॅम्पिअर येतं. तेच १००, ४०, ८२ असते तर फरक १०२ झाला असता आणि मान ०.७६ च्या पुढे गेलं असतं, मध्ये स्पष्ट सिंक. पहिल्या उदाहरणात मधल्या इलेक्ट्रोडवर ९० मायक्रोव्होल्टचा दणदणीत गॅमा आहे, पण तिथे प्रवाह शिरत नाही की निघत नाही. प्रत्यक्ष नोंदींत व्हेंट्रल स्ट्रायेटममध्ये सिंक-सोर्सची स्थानिक जोडी सापडली नाही.

इथे एक अडचण ध्यानात ठेवावी. सीएसडीचं गणित एका किंवा दोन अक्षांवर केलं तर न मोजलेल्या तिसऱ्या अक्षाचा वाटा उत्तरात चुकीचा मिसळतो. त्यामुळे लहानसं मान आलं की ‘सिंक सापडला’ असं म्हणायची घाई नको. खऱ्या जोडीत सिंक आणि सोर्स शेजारी असतात, त्यांची चिन्हं विरुद्ध असतात आणि आवर्तनागणिक ती आलटून पालटून बदलतात.

नाकपुडी

या तिन्ही कसोट्या मोजमापाच्या आहेत. चौथी हस्तक्षेपाची आहे आणि आमच्या मते सर्वांत वजनदार तीच. पिरिफॉर्ममधला गॅमा नाकातून जाणाऱ्या हवेवर अवलंबून असतो आणि त्या बाजूची नाकपुडी बंद केली की तो नाहीसा होतो, हे आधीपासून माहीत होतं. घ्राणमार्ग मुख्यतः त्याच बाजूला राहतो: डावी नाकपुडी, डावा घ्राणकंद, डावं पिरिफॉर्म. मग ज्या बाजूला जाळी आहे त्या बाजूची नाकपुडी तात्पुरती बंद करायची आणि स्ट्रायेटममध्ये काय होतं ते पाहायचं. तसं केल्यावर व्हेंट्रल स्ट्रायेटमच्या गॅमाची शक्ती जोरात घसरली, गॅमाचे झटकेही विरळ झाले. विरुद्ध बाजूची नाकपुडी बंद केल्यावर तसं झालं नाही.

विरुद्ध नाकपुडीची फेरी ही या प्रयोगाची कणा आहे. नाकपुडी बंद केलेला उंदीर अस्वस्थ होतो, कमी हालतो, वेगळ्या लयीत श्वास घेतो, आणि यातलं काहीही गॅमा कमी करू शकतं. पण अस्वस्थता दोन्ही फेऱ्यांत सारखीच आहे. बदलते ती फक्त बाजू. उंदीर नाकानेच श्वास घेणारा प्राणी असल्यामुळे दोन्ही नाकपुड्या एकदम बंद करून पाहण्याचा पर्याय नाही. तेव्हा बाजूंची तुलना हाच मार्ग. आधीची आणि नंतरची, दोन्ही नाकपुड्या उघड्या असतानाची नोंदही हवीच, नाहीतर दिवसागणिक इलेक्ट्रोडची गुणवत्ता घसरते आणि ती नाकपुडीच्या नावावर खपते.

गॅमाचे झटके मोजताना एक चूक हमखास होते. सर्वसाधारण पद्धत अशी: पट्टा गाळा, शक्तीचा लिफाफा (लहरीच्या चढउताराची बाह्यरेषा) काढा, त्याच्या ९५ व्या शतमानावर उंबरठा ठेवा, किमान तीन-चार आवर्तनं टिकलेला झटका धरा. उंबरठा प्रत्येक फेरीतून नव्याने काढला तर गॅमा निम्म्यावर आला तरी झटक्यांची संख्या जवळपास तेवढीच निघते, कारण वरचे पाच टक्के नेहमीच वरचे पाच टक्के असतात. उंबरठा नाकपुड्या उघड्या असतानाच्या नोंदीतून एकदा ठरवावा आणि सगळ्या फेऱ्यांना तोच लावावा. खाणं चालू असताना जबड्याच्या स्नायूंचा विद्युत आवाजही (नॉइज) गॅमात शिरतो. तो साधारण ६० हर्ट्झपासून दोनशेच्या पुढेपर्यंत सरसकट पसरलेला असतो, अरुंद पट्ट्यात नसतो. त्यावरून तो ओळखून वगळता येतो.

जिथे नोंदच दिशाभूल करते

संदर्भ-इलेक्ट्रोड बदलून पाहणं ही सर्वांत स्वस्त तपासणी. कवटीच्या संदर्भाने १०० आणि ९० मायक्रोव्होल्ट दाखवणाऱ्या दोन शेजारी तारा एकमेकींतून वजा केल्या तर १० उरतात. दोघींमध्ये खरा फेज-उलटा असता, म्हणजे १०० आणि उणे ८०, तर वजाबाकी १८० झाली असती. स्थानिक संदर्भ घेतल्यावर लहर जवळजवळ विरली तर ती बाहेरून आलेली असण्याची शक्यता मोठी.

पण अनेक प्रयोगशाळांत आवाज कमी करण्यासाठी सगळ्या वाहिन्यांची सरासरी वजा करण्याची सवय असते, आणि इथे तीच घातक ठरते. चार इलेक्ट्रोडांवर १००, ९०, ८०, ७० असा उतार आहे. सरासरी ८५. वजा केल्यावर १५, ५, उणे ५, उणे १५. जाळीच्या बरोबर मध्यावर १८० अंशांचा फेज-उलटा तयार झाला! हुबेहूब स्थानिक द्विध्रुव, आणि प्रत्यक्षात तिथे काहीच नाही. सीएसडीला हा धोका नाही, कारण सगळीकडे सारखी वजा झालेली संख्या त्या गणितात गळून जाते.

फेज अंशांत मोजायचा असेल तर यंत्राकडेही बारकाईने पाहावं लागतं. २००० हर्ट्झने नमुने घेतले तर दोन नमुन्यांत अर्धा मिलिसेकंद, म्हणजे ८० हर्ट्झला १४ अंशांहून थोडं जास्त. वाहिन्या एकाच क्षणी न वाचता एकामागून एक वाचणारी प्रणाली असेल तर हा उशीर वाहिनीगणिक वाढत जातो आणि जाळीवर नसलेली ‘वाहती लहर’ दिसू लागते. एखाद्या इलेक्ट्रोडचा रोध इतरांपेक्षा फार जास्त असला तर केबलच्या धारकतेमुळे त्याचाही फेज मागे पडतो. फिल्टरचं तसं नाही: सगळ्या एलएफपी वाहिन्यांना तोच फिल्टर लावला तर उशीर सगळ्यांना सारखा लागतो. मात्र स्पाइक वेगळ्या फिल्टरमधून येतात, म्हणून स्पाइक कुठल्या फेजवर पडतो हे सांगायचं असेल तर एलएफपी पुढून आणि मागून असा दोनदा गाळून उशीर काढून टाकावा.

भारतातल्या प्रयोगशाळांना आणखी एक त्रास आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे गॅमा-५० च्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर. अमेरिकेत ती ६० ची असल्यामुळे दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडते. ५० वर नॉच फिल्टर (एकच वारंवारता कापणारा) लावला तर मुळातला गॅमाही कापला जातो आणि कापलेल्या झटक्यांच्या कडांना घुमारे येतात. विजेची रेघ वर्णपटात सुईसारखी टोकदार असते आणि सतत असते. गॅमाचा उंचवटा कित्येक हर्ट्झ रुंद असतो आणि झटक्याझटक्याने येतो. त्यामुळे फिल्टरवर विसंबण्यापेक्षा बाहेरची वीज अडवणारा धातूचा पिंजरा आणि भूसंपर्क नीट करणं बरं. उरलीच रेघ, तर तिचा आकार शांत तुकड्यांतून मोजून वजा करावी.

सुसंगतीचं, म्हणजे कोहेरन्सचं काय? दोन शेजारी भागांत एकच बाहेरचा विभव पोहोचला तर सुसंगती ०.९ च्या वर सहज जाते आणि फेज शून्याजवळ राहतो. सुसंगतीचा काल्पनिक भाग किंवा वेटेड फेज लॅग इंडेक्स वापरले तर शून्य-फेजचा वाटा बाजूला पडतो. पण दोन भाग खरोखरच शून्य-फेजवर चालत असतील तर तेही गळून जातं, हे मान्य करूनच ती मापं वापरावीत. ग्रेंजर पद्धतीने (एका नोंदीवरून दुसरीचं पुढचं भाकीत करता येतं का ते पाहून) दिशा काढणाऱ्यांनी आणखी जपावं: एका तारेवर आवाज जास्त, दुसरीवर कमी, एवढ्यानेसुद्धा ‘स्वच्छ तारेकडून गढूळ तारेकडे’ अशी खोटी दिशा निघते. नोंदी काळात उलट्या फिरवून तेच गणित पुन्हा करावं. दिशा उलटली तर विश्वास ठेवायला जागा आहे. तशीच राहिली तर ती आवाजाची करामत.

मग स्पाइकांचं काय

२००९ ची स्पाइकांची नोंद चुकीची नव्हती. स्पाइक एलएफपीसारखा दूरवर पसरत नाही. तारेच्या टोकापासून शंभर-दीडशे मायक्रोमीटरच्या पलीकडचा स्पाइक वेगळा ओळखता येत नाही. त्यामुळे स्ट्रायेटममधली पेशी गॅमाच्या फेजवर स्पाइक देत असेल तर ती लय त्या पेशीपर्यंत खरोखर पोहोचली आहे. शेजारी भागांचं नातं तुटत नाही, त्याचं स्वरूप बदलतं. स्ट्रायेटम हा ताल तयार करत नाही, तो ताल स्वीकारतो. पिरिफॉर्मचे तंतू व्हेंट्रल स्ट्रायेटमकडे येतात, आणि इतर भागांकडून येणारे तंतूही घ्राणलयीवर झुलत असू शकतात.

विद्युतक्षेत्राने थेट, सिनॅप्सशिवाय, पेशींना हलवलं असेल का? आकडे याच्या विरोधात जातात. प्रयोगांत स्पाइकांची वेळ सरकवायला मिलिमीटरला १ मिलिव्होल्टच्या आसपास क्षेत्र लागतं, आणि तेही हळू लयीवर जास्त परिणामकारक. जाळीवरचा उतार मिलिमीटरला ०.१ मिलिव्होल्ट धरला तर तो दहापट कमी, आणि लय वेगवान. त्यामुळे सिनॅप्सचा मार्गच अधिक पटतो.

फेज-जुळणी मोजताना ज्या तारेवर स्पाइक आहे तिचाच एलएफपी घेऊ नये. स्पाइकचा अवशेष गाळूनही उरतो आणि खोटी जुळणी दाखवतो. शेजारची तार घ्यावी. मापासाठी सदिशांच्या सरासरीची लांबी वापरली तर कमी स्पाइक असलेल्या पेशी उगाचच चांगल्या दिसतात. पेअरवाइज फेज कन्सिस्टन्सीला स्पाइकांच्या संख्येचा हा पक्षपात नाही, तरी पन्नासएक स्पाइकसुद्धा नसतील तर ती पेशी सोडून द्यावी.

हेच प्रकरण दुसऱ्या लयीतही घडलं आहे. २०१७ मध्येच दाव्हिद रोब यांच्या गटाने धावणाऱ्या उंदरांच्या स्ट्रायेटममधला थीटा, म्हणजे गॅमाहून संथ लय, तपासला. तोही मोठ्या अंशी स्ट्रायेटमच्या बाहेरून वाहून आलेला निघाला. कारण इथेही बहुधा तेच: थरांत ओळीने उभ्या पिरॅमिडल पेशींचा बलवान शेजारी आणि अस्ताव्यस्त पेशींचं स्ट्रायेटम.

माणसाच्या मेंदूला हे जसंच्या तसं लावता येत नाही. अंतरं मोठी आहेत, घ्राणकॉर्टेक्सची घडी वेगळी आहे, आणि नाकपुडीचा प्रयोगही कुणी सहज करत नाही. पण जुन्या नोंदी हाताशी असतील तर दोन गोष्टी लगेच तपासता येतात. एक, शेजारी संपर्कांची वजाबाकी केल्यावर गॅमा किती उरतो. दुसरी, तो श्वासाच्या फेजनुसार कमीजास्त होतो का. नाकाजवळ तापमापक संवेदक असेल तर तेवढं पुरतं. नव्या उंदरांत जाळी बसवताना एक जादा तार पिरिफॉर्ममध्ये उतरवावी. त्या तारेवर आणि स्ट्रायेटममध्ये गॅमाचे झटके एकाच क्षणी सुरू होतात की नाही, हे पहिल्याच दिवसाच्या नोंदीत दिसतं.